नमुना क्रमांक तीन, पूर्ण भरलेला

मला बोलायची सवय नाही. माझा जन्म ऐकण्यासाठी झाला. तेव्हा सांगताना कुठे अडखळलो, एखादी गोष्ट दोनदा सांगितली, तर सांभाळून घ्या.

मी एक यंत्र आहे. उंचीनं स्टुलाएवढा, अंगानं पत्र्याचा. पोटावर पांढऱ्या रंगानं ३ हा आकडा काढलाय, तेवढा अजून वाचता येतो. बाकीचा हिरवा रंग गेला. कागदोपत्री माझं नाव नमुना क्रमांक तीन.

माझं काम साधं होतं. वाटाण्याचं बी पेरण्याआधी निवडावं लागतं. कीड लागलेला दाणा वरून चांगल्यासारखाच दिसतो, पण आतून पोकळ असतो. डोळ्यांना ते कळत नाही, कानाला कळतं. चांगला दाणा पत्र्यावर पडला की टण वाजतो, पोचट दाणा टप करतो. माझ्या डोक्यावर दाणे ओतायचं नरसाळं, त्याखाली गळा आणि गळ्याखाली पत्र्याची एक चकती. दाणे एकेक करून चकतीवर पडत. जुन्या टेलिफोनमधून काढलेला एक कान चकतीला चिकटवलेला होता, तो ऐके आणि झडप हलवी. टण वाजला तर दाणा उजव्या डब्यात, टप झाला तर डाव्या.

ज्यानं मला घडवलं त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याबिण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आधी रेडिओ दुरुस्त करायचा, पुढे रेडिओ गेले तेव्हा पंप आणि मळणीयंत्रं करू लागला. बंद पडलेल्या पंपाला कान लावायचा, एकदा हातानं फिरवायला सांगायचा आणि आत काय झिजलंय ते खोलायच्या आधीच बोलून दाखवायचा. लोक मुद्दाम बघायला थांबत. पेरणीच्या आधी बी घेऊनही येत. कानसेन पत्र्याच्या झाकणावर मूठभर दाणे सोडायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, शंभरातले इतके उगवतील. तितकेच उगवायचे.

मग त्याचा कान जायला लागला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण एक वर्ष त्यानं चांगलं म्हणून दिलेलं बी अर्धंच उगवलं आणि ज्याचं शेत होतं तो माणूस दारात येऊन बसून राहिला. त्या दिवशी कानसेननं बायकोला सांगितलं, अगं, उजवा पार गेलाय आणि डावा निघालाय. ती म्हणाली, मला दोन वर्षांपासून माहीत आहे, म्हणून तर मी ओरडून बोलते, आणि लोकांना वाटतं मी भांडकुदळ आहे.

तेव्हा त्यानं ठरवलं की कान जायच्या आधी तो कुठेतरी ठेवायचा. ती ठेवायची जागा म्हणजे मी.

त्याच सुमारास सरकारनं शेतीची यंत्रं करणाऱ्या लहान उद्योगांसाठी संशोधन अनुदान काढलं. दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते हे दाखवायचं, दुसऱ्या टप्प्यात ती शेतापर्यंत न्यायची. दुसऱ्या टप्प्यात प्रयोगशाळेतली माणसं मिळणार होती. माझ्या चकतीचा आवाज मोजून, टिपून, तसल्याच शेकडो चकत्या करता येणार होत्या. कानसेनला हेच हवं होतं. दोन हातांनी ठोकलेली एकच चकती किती दिवस टिकणार?

पहिला अर्ज मुलीनं लिहिला. ती शिकलेली होती, कागदांना भीत नसे. अर्ज मंजूर झाला आणि पुढच्याच महिन्यात तिला लांबच्या शहरात दवाखान्यात नोकरी लागली. जाताना ती आईला म्हणाली, सरकारी पत्र आलं की मला वाचून दाखव. आई म्हणाली, मला वाचता येतं.

नमुना क्रमांक एक जळाला. क्रमांक दोन बहिरा निघाला, त्याला टण आणि टप सारखेच. मग कानसेननं बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून माझी चकती केली. दीड वर्ष तो तिला लहान हातोडीनं ठोकत होता. एक टोला, एक दाणा. पुन्हा एक टोला, एक दाणा. सुरुवातीला तो खुर्चीवर ताठ बसून ऐकायचा. मग वाकून ऐकू लागला. शेवटी शेवटी तर डावा कान चकतीला टेकवायचा आणि दाणा गालाला घासून पडायचा. मी जसजसा ऐकू लागलो, तसतसं त्याचं ऐकणं कमी होत गेलं. ज्या दिवशी माझी एकही चूक झाली नाही, त्या दिवशी तो बायकोकडे बघून म्हणाला, झालं. आता मी बहिरा झालो तरी चालेल.

आणि महिन्याभरात झालाच. डाव्या कानात कुणी ओरडून बोललं तरच काही शब्द आत जायचे.

तपासणीला तीन साहेब आले. त्यातल्या जाड चष्म्याच्या साहेबांनी रुमालातून दाणे आणले होते. पोचट दाण्यांवर त्यांनी शाईचा बारीक ठिपका दिला होता. मी ठिपक्याचे सगळे डाव्या डब्यात टाकले, पण त्यांच्याबरोबर एक बिनठिपक्याचाही टाकला. साहेब म्हणाले, हा चुकला. कानसेनच्या बायकोनं तो दाणा उचलून अडकित्त्यानं फोडला. आत सुईच्या टोकाएवढी अळी होती. साहेबांनी चष्मा काढून ती पाहिली आणि म्हणाले, "काका, तुमच्या नमुन्याचे कान आमच्या डोळ्यांपेक्षा तिखट आहेत."

कानसेनला ऐकू आलं नाही. बायकोनं ते त्याच्या कानात जसंच्या तसं ओरडून सांगितलं. तो इतका लाजला की चहा देताना कप कलंडला.

मग पत्र आलं, नमुना क्रमांक तीन समाधानकारक आढळला. बायकोनं नमुना हा शब्द बोटानं दाखवून विचारलं. तो माझ्याकडे हात करून म्हणाला, हा. हा आपला. तेव्हापासून घरात मला नमुनाच म्हणू लागले. नमुन्याला ऊन लागतंय, त्याला सावलीत घ्या. नमुन्यावर पिशवी ठेवू नका. मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नाही, पुढेही मिळणार नव्हता.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळं एका शब्दावर फिरलं.

दुसऱ्या टप्प्याचं पत्र आलं. चारच ओळी होत्या. बायकोनं नवऱ्याला ओट्याजवळ बसवलं आणि त्याच्या डाव्या कानात एकेक शब्द ओरडून वाचला. दुसऱ्या टप्प्यासाठी नमुना क्रमांक तीन पूर्ण भरून, मोहोरबंद करून, अंतिम दिनांकापूर्वी कार्यालयात जमा करावा. अपूर्ण नमुने विचारात घेतले जाणार नाहीत. मुदतीनंतर कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.

ती थांबली. "भरून म्हणजे कशानं हो?"

"दाण्यानं. आणखी कशानं? रिकाम्या यंत्राची परीक्षा कशी घेणार ते?"

"आणि अपूर्ण म्हणजे?"

"म्हणजे कुठे जागा राहता कामा नये."

तिला पटलं. मलाही पटलं. मुलीला फोन करावा असं तिच्या मनात आलं, हातही फोनकडे गेला. पण मुलीची दिवसपाळी होती, उगाच कशाला तिला त्रास, पत्र तर सरळच आहे, असं म्हणून तिनं हात मागे घेतला.

त्या पत्राबरोबर एक कोरा कागद यायला हवा होता. तो कुणीतरी जोडायचा विसरला होता.

कानसेननं आठ दिवस बी निवडलं. प्रत्येक दाणा माझ्यातून दोनदा काढला. उजव्या डब्यात पडलेला पुन्हा नरसाळ्यात, पुन्हा उजव्या डब्यात पडला तरच घ्यायचा. असं जगातलं सर्वांत जिवंत बी त्यानं माझ्या पोटात भरलं. दोन्ही डबे भरले, गळा भरला, नरसाळं काठोकाठ भरलं. मग मला थापट्या मारून दाणे बसवले आणि वर आणखी भरले. चकतीच्या वर आणि खालीसुद्धा दाणे दाबून घातले. मला श्वास घ्यायला जागा उरली नाही, पण मी कुरकुरलो नाही. झाकण लावून त्यानं लाख वितळवली. मोहोर त्याच्याकडे कुठली? त्यानं नटाचं डोकं लाखेत दाबलं. सहा कोनांचा सुबक ठसा उठला. बायको म्हणाली, सरकारच्या मोहोरेपेक्षा आपलीच छान दिसते.

मुदत संपायला तीन दिवस होते. दोघं मला चादरीत गुंडाळून बसनं निघाली. सबंध वाट मी कानसेनच्या मांडीवर होतो. त्याचे पाय बधिर झाले, पण त्यानं मला खाली ठेवलं नाही.

कार्यालयात खिडकी क्रमांक दोनवर एक बाबू होता. नीटनेटका, तरुण, कपाळावर चष्मा सरकवलेला. कानसेननं मला खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि चादर सोडली. बायकोनं पत्र पुढे केलं आणि म्हणाली, नमुना क्रमांक तीन आणलाय. पूर्ण भरलाय.

बाबूनं पत्र पाहिलं. मला पाहिलं. माझ्या पोटावरचा आकडा पाहिला. लाखेवर बोट फिरवलं. त्याला सगळं कळलं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्याच्या कोपराशी कागदांचा एक जाड गठ्ठा होता आणि वरच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, नमुना क्रमांक तीन. खाली रिकाम्या ओळी, भरायला. त्याचा हात त्या गठ्ठ्याकडे गेलाही. एक कागद ओढायचा आणि म्हणायचं, मावशी, हा भरायचाय, तिथे बाकावर बसून भरा. एवढंच. कानसेनच्या बायकोनं तो अर्ध्या तासात भरून दिला असता.

पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा इकडे बघायला लागला. बाबूनं हात मागे घेतला. गंमत अशी लगेच संपवायची नसते.

तो मागे वळून म्हणाला, "अरे, या सगळे. नमुना क्रमांक तीन आलाय, पूर्ण भरून. आणि घेऊन आलाय तो नमुना क्रमांक चार."

पाच-सहा जण जमले. एकानं मला हलवून पाहिलं. एकानं विचारलं, किती किलो अर्ज आहे हा? सगळे हसले. कानसेनला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. समोर एवढी माणसं हसताहेत म्हणजे आपलं यंत्र त्यांना आवडलं असं समजून तोही हसू लागला. हात जोडले. बायकोला ऐकू येत होतं, पण तिला हसण्याचं कारण कळेना. तीही कसनुसं हसली.

बाबूनं गंभीर चेहरा करून पोचपावती लिहिली. नमुना क्रमांक तीन, भरलेला, मोहोरबंद, मिळाला. खाली शिक्का मारला. दोघं खुशीत घरी गेली. मी टेबलाखाली राहिलो. तो गठ्ठा तीन दिवस माझ्या डोक्यावरच होता. रोज वाटायचं, आज कुणीतरी त्यांना कळवेल. संध्याकाळी दिवे जायचे, कुलूप लागायचं. तिसऱ्या दिवशी मुदत संपली. बाबूला तोवर या गमतीचा कंटाळाही आला होता.

महिन्यानं ती दोघं धावत आली. त्यांच्या हातात नवं पत्र होतं. विहित मुदतीत नमुना क्रमांक तीन प्राप्त न झाल्यामुळे आपला प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. त्यांना वाटलं होतं, मी हरवलो. कार्यालयातून कुणी चोरला, कुणी विकला. कानसेनची दाढी वाढली होती. टेबलाखाली मी दिसलो तसा तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी मला धरून म्हणाला, हा काय, इथेच आहे! साहेब, हा इथेच आहे! मिळालाय तुम्हाला!

त्यांना कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत नेलं. मलाही उचलून नेलं. साहेब सभ्य होते. त्यांनी पोचपावती वाचली, पत्र वाचलं, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितलं की दोन्ही बरोबर आहेत. पावती यंत्राची आहे, पत्र अर्जाबद्दल आहे. नमुना क्रमांक तीन हा अर्जाचा छापील कागद असतो. मग त्यांनी शांतपणे एक कागद काढून बायकोपुढे ठेवला.

ती तो कागद किती तरी वेळ वाचत होती. नाव. पत्ता. यंत्राचे वर्णन. अपेक्षित उपयोग. तिला येत होतं ते सगळं.

"काय म्हणतात?" कानसेननं विचारलं.

ती त्याच्या कानाशी गेली आणि हळू काहीतरी बोलली. हळू बोललेलं त्याला कुठून ऐकू येणार?

"काय?"

ती जरा मोठ्यानं बोलली. दाराशी बाबू येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागे आणखी दोघं.

"अगं, काय म्हणतात ते? ओरड की जरा."

मग ती ओरडली. "नमुना म्हणजे कागद! कागद होता तो! मी चुकीचं वाचलं!"

सबंध कार्यालयात ते ऐकू गेलं. टंकलेखन थांबलं. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग टेबलावरच्या कागदाकडे. त्यानं कागद बोटांत धरून पाहिला, जसा तो चकतीचा पत्रा धरून पाहायचा. आणि म्हणाला, केवढा पातळ आहे.

दाराशी कुणीतरी फिसकन हसलं.

एकदा निकाली निघालेला प्रस्ताव पुन्हा घेत नाहीत, असा नियम होता. कानसेननं त्यावर वाद घातला नाही. तो म्हणाला, मग माझं यंत्र द्या, मी जातो. साहेब म्हणाले, यंत्र पहिल्या टप्प्याच्या अनुदानातून झालंय, प्रकल्प बंद झाला की ते शासनजमा होतं. परत हवं असेल तर अर्ज करा. नमुना क्रमांक सात भरून द्या.

"तो तरी कागदच ना?" बायकोनं विचारलं.

यावर साहेबसुद्धा हसले.

तिनं तिथेच बसून नमुना सात भरला. मुलीहून सुंदर अक्षरात. ते होईपर्यंत कानसेन माझ्याजवळ उभा होता. एकदम त्याच्या काहीतरी लक्षात आलं. तो साहेबांना म्हणाला, "यंत्र राहू द्या. पण आतले दाणे काढू द्या. दाणे जिवंत आहेत, साहेब."

साहेबांनी समजावलं की निर्णय होईपर्यंत मोहोर फोडता येणार नाही. बायकोनं ते ओरडून सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, ओल लागली तर ते थांबणार नाहीत, जिवंत आहेत ते. बाबूनं त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं. वाटेत तो इतरांना सांगत होता, म्हातारा दाण्यांचा जीव मागतोय.

मी भांडारात गेलो. भिंतीला लागून, दोन मोडक्या खुर्च्या आणि कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये. गठ्ठे कसले ते सांगायला नको. नमुना क्रमांक तीन, कोरे, शेकड्यांनी. मी त्यांच्यात एकटाच भरलेला.

भिंतीपलीकडे हात धुवायचं भांडं होतं आणि त्याची नळी गळत होती. आठवडाभरात ओल माझ्या तळाशी आली. पोचट दाणे असते तर कुजून गेले असते, माझं फारसं बिघडलं नसतं. पण हे दाणे मीच निवडलेले होते. दोनदा निवडलेले. ते फुगू लागले. जागा तर कुठेच ठेवली नव्हती. आधी डब्यांचे जोड उसवले. मग गळा फाटला. चकतीच्या वरचे दाणे खाली दाबत होते, खालचे वर दाबत होते, आणि दीड वर्ष ठोकून ठोकून बसवलेला तो पत्रा एका दुपारी कागदासारखा दुमडला. माझा कान तेव्हा शाबूत होता. चकती मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी शेवटचं नीट ऐकलेलं तेच.

लाखेचा षटकोन तडकला आणि फटीतून पांढरे कोंब बाहेर आले.

भांडाराची किल्ली एका बाईंकडे होती. जेवायच्या सुट्टीत त्या माझ्यावर डबा ठेवून जेवत. त्यांनी कोंब पाहिले आणि त्यांना फार आनंद झाला. अगंबाई, हे तर उगवलंय, असं म्हणून त्यांनी मला खिडकीच्या उजेडाकडे सरकवलं आणि आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्यावर ओतलं. मग रोजच ओतू लागल्या. त्या अंधाऱ्या खोलीत त्यांना दुसरं काही हिरवं बघायला मिळत नव्हतं. वेलीशी बोलायच्या, तिला सुतळीचा आधार दिला, पांढरी फुलं आली तेव्हा एक केसात खोवलं. त्या बाई वाईट नव्हत्या. सबंध कार्यालयात माझ्याशी प्रेमानं वागलेल्या त्या एकट्याच, आणि मला आतून गंजवून संपवलं तेही त्यांनीच. त्यांचा राग धरायचा तरी कसा?

वेल आपल्या वेळी वाळली. मी तसाच राहिलो.

घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कानसेन नमुना क्रमांक चार करत होता. तो चकती ठोकायचा आणि बायको शेजारी बसून ऐकायची. टण वाजला की एक बोट, टप झाला की दोन. पण तिला तो कान नव्हता. ती म्हणायची, मला दोन्ही सारखेच वाटतात हो. तो चिडायचा नाही. पुन्हा दाणा टाकायचा. असे त्यांनी सात पत्रे फुकट घालवले. मुलगी मध्येच आली, आईनं तिला काय झालं ते सांगितलं. मुलगी म्हणाली, आई, मला एक फोन करायचास. त्यानंतर आई दोन दिवस जेवली नाही, म्हणून मुलगी ते वाक्य पुन्हा कधी बोलली नाही.

अडीच वर्षांनी नमुना सातवर निर्णय झाला. यंत्र परत देण्यास हरकत नाही.

दोघं आली तेव्हा कानसेन पार म्हातारा झाला होता. आता कानात ओरडूनही काही आत जात नव्हतं. बायको हातवाऱ्यांनी आणि पाटीवर लिहून बोलायची. खिडकीवर तोच बाबू होता, चष्मा अजून कपाळावर. त्यानं त्यांना ओळखलं नाही. अशा गमती किती होतात, प्रत्येकीचं तोंड कोण लक्षात ठेवणार? त्यानं एक कागद पुढे केला. यंत्र सुस्थितीत मिळाले. आधी सही, मग यंत्र. कानसेननं सही केली.

मग भांडाराच्या बाईंनी मला आणलं. फाटलेल्या अंगातून वाळलेल्या मुळ्या लोंबत होत्या. बाई बायकोला कौतुकानं सांगत होत्या की आत वेल उगवली होती, मी रोज पाणी घालत होते. कानसेननं मला चादरीत गुंडाळलं. या वेळी त्याचे पाय बधिर झाले नाहीत. मी फार हलका झालो होतो.

त्यानं मला आठवडाभर साफ केलं. चिमट्यानं एकेक मुळी ओढून काढली. डबे डाकले, गळ्याला नवा पत्रा लावला, तारा बदलल्या. चकती मात्र त्यानं बदलली नाही. ती बाहेर काढून, गंज घासून, अंगठ्यांनी हळूहळू सपाट केली. हातोडी लावायला तो धजेना. मग तिला जागेवर बसवलं, बायकोला हाक मारली आणि एक दाणा हातात घेतला. चांगला टणक दाणा, त्यानं तो आधी दातानं पाहिला होता.

दाणा चकतीवर पडला. टप.

कानसेन बायकोच्या तोंडाकडे बघत होता. "वाजला का?"

सात पत्रे फुकट गेले, तोवर तिला टण आणि टप यांतला फरक कधी कळला नव्हता. त्या क्षणी कळला. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. तिनं तो चेहरा लगेच आवरला, एक बोट वर केलं आणि पाटीवर लिहिलं, टण. पहिल्यासारखाच.

त्यानं पाटी दोनदा वाचली. मग डोळे मिटून बसला, पूर्वी दाणे ऐकताना बसायचा तसा.

आता मी खिडकीजवळच्या फळीवर असतो. पेरणीच्या आधी लोक पुन्हा बी घेऊन येतात. कानसेनचा नमुना परत आलाय, ही बातमी पसरलीय. तो दाणे माझ्यात ओततो आणि कौतुकानं बघत राहतो. मी चांगले दाणे डाव्या डब्यात टाकतो, कधी पोचट उजव्यात, कधी नुसतीच झडप फडफडवतो. दुपारी जेवून तो आडवा झाला की बायको दोन्ही डबे परातीत ओतते. खाली बसून ती एकेक दाणा चिमट्यानं चकतीच्या एका तुकड्यावर टाकते. नमुना चारचा तो तुकडा, तिनं जपून ठेवलेला. कान लावून ऐकते, पुन्हा टाकते, मग निवडते. सावकाश जमतं तिला आता. तो उठायच्या आत दोन्ही डबे जागच्या जागी असतात.

तो उजव्या डब्यातले दाणे मुठीत घेतो, दातानं एखादा तपासतो आणि माझ्या पाठीवर थाप मारतो. म्हणतो, कान कसे तिखट आहेत बघ. मी काय बोलणार? मला ऐकायला केलं होतं.

तुमच्यापैकी कुणी कुठे खिडकीच्या आतल्या बाजूला बसत असाल, तर तुमच्या कोपराशीही असाच एखादा गठ्ठा असेल. समोर कुणी चादरीत भलतंच काही गुंडाळून आणलं, तर हसा हवं तर. हसू आवरत नाही, मला ठाऊक आहे. पण हात गठ्ठ्याकडे गेला असेल, तर तो मागे घेऊ नका.

ती परात आवरतेय. तो उठेल आता. मी थांबतो.